दर गणपतीला १-१-१९८०: जुन्या संगणकांवरील फायलींच्या चुकीच्या तारखा

देवगड तालुक्यातील आमच्या घरी दोन जुने संगणक अजून चालतात. एक काकांचा एक्सटी (आयबीएमच्या जुन्या पीसीच्या नमुन्यावरचा संगणक), ज्याच्यावर त्यांनी अनेक हंगाम आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवला, आणि दुसरा माझा २८६, म्हणजे त्याच्या पुढच्या पिढीचा. मिरगाचा पाऊस सुरू होण्याआधी दोन्ही यंत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली जातात आणि गणपतीला मुंबईची मंडळी घरी आली, की मुलांच्या हट्टापायी पुन्हा उघडली जातात. पहिल्या दिवशी 'डेट' ही आज्ञा दिली, की दर वर्षी पडद्यावर तेच उत्तर येते: 'करंट डेट इज ट्यू १-०१-१९८०', म्हणजे मंगळवार, १ जानेवारी १९८०.

मुलांच्या खेळांना त्या तारखेने काही फरक पडत नाही, फायलींना पडतो. एका हंगामात काकांनी हिशोबाची रोजची नक्कल फ्लॉपीवर घेताना 'एक्सकॉपी'ला '/डी' जोडून तारीख दिली होती, म्हणजे अमुक दिवशी किंवा त्यानंतर बदललेल्या फायलीच उचलाव्यात असे सांगितले होते. यंत्राचे घड्याळ १९८० मध्ये होते, ताज्या फायलींवर १९८० चा शिक्का (फाईलबरोबर नोंदली जाणारी तारीख आणि वेळ) बसत होता, आणि त्यामुळे आज्ञेने एकही ताजी फाईल उचलली नाही व तक्रारही केली नाही. '० फाइल(स) कॉपीड' ही ओळ वाचण्यासाठी असते, हे आम्हाला हार्ड डिस्क बिघडल्यानंतर कळले.

या दुखण्याचे लक्षण सगळीकडे एकच असले, तरी कारणे वेगवेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून कारणांकडे वळण्याआधी एक आग्रहाची सूचना करतो: चुकीच्या तारखा दिसताच त्या बदलण्याची घाई करू नये. चुकीचा शिक्कासुद्धा काही सांगत असतो, आणि तो एकदा पुसला, की ती माहिती परत मिळत नाही. प्रथम फ्लॉपीची नक्कल, मग घड्याळ, मग शिक्क्यांचे वाचन आणि सर्वांत शेवटी शिक्क्यांची दुरुस्ती, हा क्रम मी चुकांमधून शिकलो आहे. (पुढील आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.)

शिक्का कुठे असतो

डॉस ही या यंत्रांची कार्यप्रणाली. तिच्या फ्लॉपीवर प्रत्येक फाईलची नोंद ३२ बाइटांची असते. त्यांतील ८ बाइट नावाला, ३ विस्ताराला, १ गुणधर्मांना आणि १० राखीव असतात; मग २ वेळेला, २ तारखेला, २ पहिल्या क्लस्टरच्या (फाईल साठवण्याच्या जागेच्या तुकड्याच्या) क्रमांकाला आणि शेवटचे ४ आकाराला मिळतात. तारखेच्या १६ बिटांपैकी ७ बिट १९८० पासून किती वर्षे उलटली ते सांगतात, ४ बिट महिना आणि ५ बिट दिवस. म्हणून १९८० पूर्वीची तारीख या पद्धतीत मांडताच येत नाही आणि २१०७ नंतरचीही येत नाही. वेळेत तासाला ५ आणि मिनिटाला ६ बिट गेल्यावर सेकंदांना ५ बिट उरतात, त्यांत ३१ च्या पुढे मोजता येत नाही, आणि म्हणून सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने नोंदवले जातात.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर ३६० केबीची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालून, तिची खाच चिकटपट्टीने बंद करून, डिस्कवरील बाइट जसेच्या तसे दाखवणारा डॉसचा 'डीबग' हा प्रोग्रॅम सुरू करावा. 'एल १०० ० ५ १' असे दिले, की ए ड्राइव्हवरील ५ क्रमांकाचा सेक्टर (डिस्कवरील एक छोटा भाग), जिथून मूळ डिरेक्टरी सुरू होते, तो स्मृतीत येतो आणि 'डी १००' दिल्यावर पडद्यावर दिसतो. प्रत्येक नोंद दोन ओळींची असते. दुसऱ्या ओळीत मध्यावर 'डीबग' एक आडवी रेघ काढते. तिच्या लगेच आधीचे दोन बाइट वेळेचे आणि लगेच नंतरचे दोन तारखेचे.

काकांच्या एका फ्लॉपीवर त्या जागी '०० ९५-सीसी १६' असे होते. बाइटांची जोडी उलट वाचायची, म्हणजे वेळ ९५०० आणि तारीख १६सीसी. हे आकडे सोळाच्या पायावरचे आहेत; १६सीसी म्हणजे दशमानात ५८३६. त्याला ५१२ ने भागले, की ११ येतात आणि २०४ उरतात. २०४ ला ३२ ने भागले, की ६ येतात आणि १२ उरतात. १९८० अधिक ११, सहावा महिना, बारावा दिवस: १२ जून १९९१. तसेच ९५०० म्हणजे ३८१४४; त्याला २०४८ ने भागून १८, आणि उरलेल्या १२८० ला ३२ ने भागून ४०, म्हणजे संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. त्याच फ्लॉपीवरील पुढच्या सात नोंदींत तारखेच्या जागी '२१ ००' होते. तीच आपली १ जानेवारी १९८०.

७२० केबीच्या फ्लॉपीवर ही डिरेक्टरी ७ व्या, १.२ एमबीच्या फ्लॉपीवर १५ व्या आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर १९ व्या सेक्टरपासून सुरू होते. 'डीबग' आकडे सोळाच्या पायावर घेत असल्याने शेवटच्या दोन ठिकाणी 'एफ' आणि '१३' लिहावे लागते.

एक्सटी: घड्याळ नाहीच

१९८१ चा आयबीएम पीसी आणि १९८३ चा एक्सटी यांच्या मूळ बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते, आणि त्यांच्या नमुन्यावर आपल्याकडे जोडलेल्या बहुतेक एक्सटींची स्थिती तीच आहे. यंत्र चालू झाले, की डॉस १ जानेवारी १९८०, रात्रीचे १२ असे धरून चालते आणि पुढे सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येणाऱ्या टायमरच्या ठोक्यांवर वेळ मोजते. वीज गेली, की ही मोजणी संपली. आमच्याकडे पावसाळी वाऱ्यात झावळी तारेवर पडण्यासारखे प्रसंग नित्याचे असल्याने एका दुपारी तीन-तीनदा १९८० उजाडते.

मग पुष्कळ जण विचारतात, की पूर्वी तर हे यंत्र सुरू होताना तारीख विचारत असे, हल्ली का विचारत नाही? याचे उत्तर बहुधा 'ऑटोएक्झेक.बॅट' या फाईलमध्ये सापडते. ती फाईल नसेल, तर डॉस सुरुवातीला तारीख आणि वेळ दोन्ही विचारते. ती असेल, तर विचारत नाही, मग तिच्यात 'पाथ'ची एकच ओळ का असेना. आमच्या एक्सटीवर नेमके हेच झाले होते: कोणीतरी 'प्रॉम्प्ट'ची एक ओळ घालण्यासाठी ती फाईल तयार केली, आणि त्या दिवसापासून काकांच्या फायलींवरील तारखा थांबल्या. उपाय दोन ओळींचा आहे: त्याच फाईलमध्ये 'डेट' आणि 'टाइम' या आज्ञा लिहाव्यात.

तारीख भरताना आणखी एक खड्डा आहे. डॉसची मूळ पद्धत महिना आधी, दिवस नंतर अशी अमेरिकी आहे, आणि आपला हात ५ मार्चला ०५-०३ लिहितो. यंत्र ती मुकाट्याने ३ मे समजते. १३ तारखेपासून पुढे मात्र ते चूक दाखवते, त्यामुळे महिन्याचे पहिले बारा दिवसच बिघडलेले दिसतात आणि कारण लवकर ध्यानात येत नाही. 'कॉन्फिग.सिस'मध्ये 'कंट्री=०४४' घातल्यास ब्रिटिश क्रम, म्हणजे दिवस आधी, लागू होतो; डॉस ३.३ पासून पुढे त्यासाठी 'कंट्री.सिस' ही फाईल मूळ डिरेक्टरीत असावी लागते किंवा तिचा मार्ग त्याच ओळीत द्यावा लागतो. वर्ष नेहमी चार अंकी लिहावे.

काही एक्सटींमध्ये घड्याळ असलेले जोडकार्ड असते. ते असूनही तारीख चुकत असेल, तर कार्डाबरोबर आलेला छोटा प्रोग्रॅम 'ऑटोएक्झेक.बॅट'मधून गळाला आहे का ते आधी पाहावे, कारण डॉस त्या कार्डाकडे आपण होऊन पाहत नाही. एएसटीच्या सिक्सपॅकप्लस कार्डासाठी 'एएसटीक्लॉक' हा प्रोग्रॅम दर वेळी चालवावा लागे. अशा कार्डांवर वापरल्या जाणाऱ्या एमएम५८१६७ या चिपमध्ये वर्षाची नोंदच नसते. दिवस आणि महिना बरोबर, पण वर्ष मागचे, असे जानेवारीत दिसले, तर कार्ड बिघडलेले नसून प्रोग्रॅमला नवे वर्ष सांगायचे राहिलेले असते.

यंत्र रात्रभर चालू ठेवणाऱ्यांसाठी एक लहान टीप. मध्यरात्र उलटली, की बायोस, म्हणजे बोर्डावरील चिपमधला मूळ प्रोग्रॅम, एक खूण ठेवते आणि डॉस पुढे वेळ वाचताना ती पाहून तारीख एकाने वाढवते. पण बहुतेक बायोसमध्ये ती खूण 'उलटली' एवढेच सांगते, किती वेळा ते सांगत नाही, म्हणून यंत्र दोन मध्यरात्री निष्क्रिय पडून राहिले, तर तारीख एकच दिवस पुढे जाते. शिवाय एखाद्या खेळाने परस्पर बायोसकडून वेळ विचारली, की ती खूण पुसली जाते आणि डॉसला नवा दिवस कळतच नाही.

२८६ आणि पुढील यंत्रे: बॅटरी

१९८४ च्या एटीपासून बोर्डावर मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप आली, जिच्या ६४ बाइटांपैकी १४ घड्याळासाठी आणि ५० यंत्राची मांडणी लक्षात ठेवण्यासाठी असतात. येथे तारीख हरवण्याचे पहिले कारण बॅटरी आहे, आणि 'दर गणपतीला' या नियमिततेचे उत्तरही त्यातच आहे. अनेक २८६ व ३८६ बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. यंत्र चालू असताना ती भरते आणि बंद असताना घड्याळाला पुरवठा करता करता, शिवाय आपोआपही, रिकामी होत जाते. तीन महिने यंत्र गुंडाळून ठेवले, की ती संपणारच. त्या बॅटरीला दोष देऊन नवी तशीच बसवली, तरी पुढच्या गणपतीला पुन्हा तेच.

यात तारखेपेक्षा मोठे नुकसान दडलेले असते. तीच चिप हार्ड डिस्कचा प्रकारही लक्षात ठेवते, त्यामुळे बॅटरी संपली, की यंत्र हार्ड डिस्क ओळखेनासे होते आणि घाबरलेला माणूस ती फॉरमॅट करून मोकळा होतो. सेटअपमधील डिस्कचा प्रकार, सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे कागदावर लिहून तो कागद यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवावा. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवला आहे, कारण पहिला कागद एका पावसाळ्यातच वाळवीने नेला.

जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी गळते. तिच्यातून झिरपणारा अल्कधर्मी द्राव शेजारचे तांब्याचे पट्टे खातो आणि खाऱ्या, दमट हवेत हे काम वेगाने होते. बॅटरीभोवती हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली, तर ती त्याच दिवशी काढून टाकावी. जागा साध्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसावी, मग डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय यंत्राला वीज देऊ नये. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी व्हिनेगरऐवजी कोकमाचे आगळ वापरले. आंबटपणा दोन्हींत आहे हे खरे, परंतु आगळात मीठ असते, आणि ज्या बोर्डाला खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायचे त्याच्यावरच आपण मीठ ओतू नये.

पर्याय म्हणून मी बोर्डावर बॅटरी ठेवतच नाही. अशा अनेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. तिथे तीन पेन्सिल सेल मालिकेत जोडून आणि मध्ये एक साधा सिलिकॉन डायोड घालून पुरवठा द्यावा. तीन सेलांचे ४.५ व्होल्ट, त्यातून डायोडवर जाणारे सुमारे ०.७, म्हणजे ३.८ च्या आसपास उरतात आणि ते पुरतात. डायोड टाळू नये, कारण बोर्डाचा चार्ज करणारा प्रवाह उलटा, पुन्हा न भरता येणाऱ्या सेलांत शिरला, तर ते फुगतात किंवा फुटतात. कोणती पिन धन आणि कोणता जंपर बदलायचा, हे बोर्डाच्या कागदांत पाहून किंवा मल्टिमीटरने तपासूनच ठरवावे. सेलांची डबी कॅबिनेटच्या बाहेर लटकवावी. गळलेच, तर भिंत खराब होईल, बोर्ड नाही.

बॅटरी ठणठणीत असूनही, रात्री 'डेट'ने लावलेली तारीख सकाळी पुन्हा चुकते, अशी तक्रार असेल, तर 'व्हर' देऊन डॉसची आवृत्ती पाहावी. डॉस ३.३ पासून 'डेट' आणि 'टाइम' या आज्ञा बोर्डावरील घड्याळही बदलतात. त्याआधीच्या आवृत्तींत त्या फक्त चालू सत्रापुरत्या असतात आणि घड्याळ बदलण्यासाठी यंत्राबरोबरचा सेटअप प्रोग्रॅम चालवावा लागतो. आणि तारीख १ नव्हे, तर ४ जानेवारी १९८० येत असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे: जुने बायोस १९९९ नंतर १९०० वर गेले आहे आणि डॉसला ते वर्ष पचलेले नाही. मग वर्ष हाताने देणे आले.

चुकीचा शिक्का वाचणे

आता मूळ कामाकडे येऊ. घड्याळ सुधारले, पण मागे राहिलेल्या शेकडो फायलींवर १-०१-८० असेच आहे, आणि त्यांतील कोणती आधीची, कोणती नंतरची, हे ठरवायचे आहे.

एक्सटीवरील अशा फायलींची तारीख निरुपयोगी असते, वेळ मात्र उपयोगी पडते. यंत्र सुरू झाले तेव्हा घड्याळ १२ वर होते, म्हणून 'डिर' या आज्ञेने येणाऱ्या फायलींच्या यादीत '१-०१-८० १२:४७ए' (शेवटचा 'ए' म्हणजे एएम) असे दिसले, तर ती फाईल यंत्र चालू केल्यापासून ४७ व्या मिनिटाला जतन झाली, एवढे निश्चित कळते. काकांच्या फ्लॉपीवर '१२:४७ए', '१:०५ए' आणि '१:३२ए' अशा तीन फायली लागोपाठ सापडल्या, तेव्हा त्या एकाच बैठकीत लिहिल्या गेल्या असाव्यात असा कयास बांधता आला, आणि काकांनाही त्या संध्याकाळी पट्टीवाल्याकडून आलेले तीन हिशोब एका दमात चढवल्याचे आठवले. त्यानंतर आलेली '१२:११ए' ही वेळ दाखवते, की मध्ये यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झाले.

दुसरा पुरावा डिरेक्टरीतील क्रमाचा. डॉस नवी नोंद पहिल्या मोकळ्या जागेत करते, त्यामुळे ज्या फ्लॉपीवरून काहीच पुसले गेलेले नाही, तिच्यावर 'डिर'चा साधा, वर्गवारी न केलेला क्रम हाच फायली तयार होण्याचा क्रम असतो. पुसलेल्या नोंदीचे पहिले अक्षर ई५ होते; 'डीबग'मध्ये तशा खुणा मध्येच दिसल्या, तर या पुराव्यावर कमी विश्वास ठेवावा. नॉर्टन युटिलिटीज या डिस्क सांभाळण्याच्या प्रोग्रॅमांच्या संचातील 'डीएस', म्हणजे डिरेक्टरी लावणारा प्रोग्रॅम, आणि डिस्क सलग करणारा 'स्पीड डिस्क' हे दोन्ही याच पुराव्याची वाट लावतात. दिसायला यादी सुबक होते, म्हणून लोकांना ते आधी चालवण्याचा मोह होतो; मी त्यांना या कामात शेवटपर्यंत हात लावत नाही.

तिसरा आणि सर्वांत भरवशाचा पुरावा फाईलच्या आत असतो. डीबेस ३ या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमच्या फाईलचा पहिला बाइट ०३ असतो (मेमो असल्यास ८३), पुढचे तीन वर्ष, महिना आणि दिवस असे शेवटच्या बदलाची तारीख सांगतात आणि त्यापुढचे चार नोंदींची संख्या. एकाच हिशोबाच्या दोन प्रती 'डीबग'मध्ये उघडल्या, तर एकीची सुरुवात '०३ ५० ०१ ०१ डी४ ०० ०० ००' अशी होती आणि दुसरीची '०३ ५० ०१ ०१ एफ० ०० ०० ००'. ५० म्हणजे ८०, त्यापुढे १ आणि १. तारीख येथेही घड्याळाचीच नक्कल असल्याने तिचा उपयोग नाही. पण डी४ म्हणजे २१२ आणि एफ० म्हणजे २४०. हंगामात पेट्यांच्या नोंदी वाढतच जातात, म्हणून २४० नोंदींची प्रत नंतरची. नोंदी पुसून 'पॅक' केल्याचा, म्हणजे त्या कायमच्या काढून टाकल्याचा संशय असेल, तरच शेवटच्या काही नोंदी उघडून पाहाव्या लागतात.

'डिर'मध्ये तारखेची जागा कोरीच असेल, तर तो १९८० चा प्रकार नव्हे. तेथे तारखेचे दोन्ही बाइट शून्य आहेत, म्हणजे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने किंवा बिघाडाने शिक्का मारलेलाच नाही.

शिक्का बदलणे

एवढे वाचून वहीत उतरवल्यावर शिक्का बदलण्यास हरकत नाही. आजचीच तारीख द्यायची असेल, तर वेगळा प्रोग्रॅम लागत नाही: 'कॉपी /बी हिशोब.डीबीएफ+,,' असे दिले, की फाईल तीच राहते आणि शिक्का चालू घड्याळाचा होतो. यातील '/बी' विसरू नये. ते नसेल, तर 'कॉपी' जोडकामात फाईलला मजकूर समजते आणि कंट्रोल-झेड, म्हणजे १ए हा बाइट भेटेल तिथे फाईल संपली असे मानून पुढचे सारे कापून टाकते. डीबीएफ आणि ईएक्सई फायलींत तो बाइट कुठेही असू शकतो.

मागची विशिष्ट तारीख द्यायची असेल, तर नॉर्टन युटिलिटीजच्या ४.५ आवृत्तीतील 'एफडी' हा प्रोग्रॅम ठरावीक फायलींवर हवी ती तारीख आणि वेळ बसवतो. 'डीबग'नेही सेक्टर बदलून 'डब्ल्यू १०० ० ५ १' असे देऊन तो परत लिहिता येतो, पण त्यातील दुसरा आकडा ड्राइव्हचा आहे: ० म्हणजे ए, १ म्हणजे बी, २ म्हणजे सी. एका बोटाची चूक, आणि फ्लॉपीची डिरेक्टरी हार्ड डिस्कच्या पोटात. हे काम मी मूळ फ्लॉपीवर कधीही करत नाही.

या सर्वांच्या आधी डिस्क निरोगी आहे का ते पाहावे. 'चेकडिस्क' प्रथम '/एफ'शिवाय चालवावे. ते हरवलेल्या क्लस्टरांच्या फायली करू का असे विचारते, आणि होय म्हटले तरी '/एफ' नसल्यामुळे काहीही लिहीत नाही, त्यामुळे हा प्रश्न पाहून घाबरण्याचे कारण नाही. यादी पाहून, नक्कल घेऊन, मगच '/एफ' द्यावे. वीज मध्येच गेलेल्या बैठकांचे अवशेष 'फाइल००००.सीएचके' अशा नावांनी मूळ डिरेक्टरीत येतात आणि त्यांत कधीकधी हरवलेला हिशोब सापडतो.

फ्लॉपी बदलूनही 'डिर' मागच्या फ्लॉपीचीच यादी आणि तारखा दाखवत असेल, तर तिथेच थांबावे. ड्राइव्हच्या ३४ क्रमांकाच्या पिनवरून डिस्क बदलल्याचा संकेत येतो. गंजाने तो तुटला, की डॉस जुनीच यादी खरी मानते आणि त्या अवस्थेत काही लिहिले, तर नव्या फ्लॉपीवर जुन्या फ्लॉपीची मांडणी उमटते. आमच्याकडे केबलचा जोड काढून, खोडरबराने पट्टे घासून पुन्हा बसवल्यावर हा दोष गेला. बुरशी धरलेली फ्लॉपी मात्र ड्राइव्हमध्ये घालूच नये. ती स्वतः जाते आणि हेड खराब करून पुढच्या चार नेते.

रोजच्या नक्कलेसाठी आता आम्ही तारखेवर अवलंबून राहत नाही. 'एक्सकॉपी /एम' फाईलचा आर्काइव्ह हा गुणधर्म पाहते, जो फाईल बदलली, की डॉस स्वतः लावते आणि नक्कल झाल्यावर ही आज्ञा काढून टाकते. घड्याळ कुठेही असो, या खुणेला त्याच्याशी देणेघेणे नाही.

नव्या यंत्रावर नेताना

जुनी फ्लॉपी नव्या यंत्रात घालण्याआधी ती लिहिण्यापासून बंद करावी: सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकून, साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवून. विंडोज ९५ आणि तिच्यानंतरच्या काही आवृत्त्या अशी बंद न केलेल्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहितात, तुम्ही नुसती यादी पाहिली तरी. मग सेक्टर-दर-सेक्टर प्रतिमा, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाईलमधली हुबेहूब नक्कल, घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर करावेत.

नक्कल केल्यावर सर्व वेळा नेमक्या साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसल्या, तर फायली बिघडलेल्या नाहीत. डॉसचा शिक्का स्थानिक वेळेचा असतो आणि त्यात कोणत्या देशाची वेळ हे कुठेच लिहिलेले नसते. नव्या प्रणालीने ती ग्रिनिच वेळ समजून भारतीय वेळेत बदलली, एवढेच झालेले असते. दोन प्रती जुळवणारा प्रोग्रॅम निम्म्याअधिक फायली 'बदलल्या' असे म्हणत असेल आणि फरक सेकंदाचा असेल, तर ते दोन सेकंदांच्या टप्प्यामुळे आहे; त्या प्रोग्रॅमला तेवढी सूट देण्याची सोय बहुधा असते.

डॉस नसलेल्या यंत्रांवर मात्र शिक्का शोधण्यात वेळ घालवू नये. शाळांमध्ये १९८० च्या दशकात क्लास या शालेय संगणक प्रकल्पातून आलेल्या बीबीसी मायक्रोच्या साध्या डिस्क पद्धतीत एका बाजूला ३१ फायली मावतात आणि तारीख कुठेच नसते. फक्त सूचीत एक फेरीचा आकडा असतो, जो सूचीत बदल होताना एकाने वाढतो, आणि एकाच डिस्कच्या दोन प्रतींतील कोणती नंतरची हे त्यावरून सांगता येते. कमोडोर ६४ च्या १५४१ ड्राइव्हच्या नेहमीच्या डिरेक्टरीत तारीख नसते, सीपी/एम २.२ या डॉसच्या आधीच्या कार्यप्रणालीतही नसते. सीपी/एम प्लसमध्ये ती सोय 'इनिटडिर' चालवून घेता येते, पण मग डिरेक्टरीतील प्रत्येक चौथी जागा शिक्क्यांना द्यावी लागते, म्हणून फारशा डिस्कांवर ती केलेली आढळत नाही. अशा डिस्कची तारीख लेबलावर शोधायची, आणि पावसाळ्यात लेबल सुटून डब्याच्या तळाशी पडलेले असेल, तर डिस्कवर उरलेल्या डिंकाच्या डागाशी त्याच्या कडा जुळवून पाहायच्या.